मागच्या रांगेतली मणीगळ

"मिस्तरी, बाजारात सगळ्यात हार्ड मिळतील ते शॉकअप टाका. पैशाकडं बघू नका," असं म्हणतच नाना गाडीतून उतरले.

गाडी २०११ ची बोलेरो पिकअप. पिंपळगाव बसवंतला महामार्गालगत माझं गॅरेज आहे, त्यामुळे जानेवारीपासून एप्रिलपर्यंत दिंडोरी-निफाडकडच्या अशा गाड्या सारख्या येत असतात. नानांची गाडी मी आधी पाहिलेली नव्हती. त्यांचा पुतण्या ती चालवतो आणि बागेतून पॅकहाऊसपर्यंत, म्हणजे माल निवडून खोक्यांत भरतात तिथपर्यंत, द्राक्षं पोचवतो. आदल्या दिवशी एका पॅकहाऊसने त्यांचा बराचसा माल बाजूला काढला होता. कॅरेटच्या तळाशी सुट्या मण्यांचा थर साचलेला. मणीगळ, म्हणजे घडातून मणी सुटणं, झालेला घड निर्यातीच्या पनेटात (प्लास्टिकच्या छोट्या डबीत) जात नाही. वर्षभर औषधं, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी करून सांभाळलेला माल शेवटच्या काही किलोमीटरमध्ये हातचा जातो, तेव्हा माणसाची काय अवस्था होते ते या भागात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. नानांचा आवाज चढलेला होता, पण राग माझ्यावर नव्हता.

मणीगळीची कारणं बागेतही असतात. देठ कमकुवत असेल, तोडणी उन्हात झाली असेल, कॅरेट दाबून भरलं असेल, तर गाडीला दोष देऊन उपयोग नाही. म्हणून पहिला प्रश्न मी गाडीबद्दल विचारलाच नाही. "कोणत्या रांगेतल्या कॅरेटला जास्त मणी सुटले?" असं पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "मागच्या फळक्याकडच्या. केबिनला लागून ठेवलेला माल बरा होता." एकाच बागेचा, एकाच सकाळी तोडलेला माल, आणि फरक फक्त जागेचा. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे जो हौदा (माल ठेवायचा भाग) बाहेर लोंबतो, त्याला सगळ्यात मोठा झोका बसतो. म्हणजे दुखणं मागच्या चाकांपाशी होतं.

गाडी नुकतीच थांबली होती, त्यामुळे लगेच खाली वाकून चारही शॉकअप, म्हणजे चाकापाशी धक्के आवरणाऱ्या नळ्या, हाताने चाचपले. ही साधी गोष्ट फार कमी जण करतात. शॉकअपच्या आत पिस्टन असतो, त्यात बारीक छिद्रं आणि झडपा असतात. चाक वर-खाली झालं की त्यातून तेल दाबाने जातं आणि पाट्याच्या (चाकावर भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) झुलण्यातली ताकद उष्णतेत निघून जाते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप म्हणूनच गरम लागतो. पुढचे दोन्ही कोमट होते. मागचा डावा चांगला तापलेला. उजवा मात्र थंडगार, म्हणजे तो काहीच काम करत नव्हता. अंगावर तेल आणि त्यावर धुळीचा चिकट लेप. नुसता ओलसरपणा असेल तर मी शॉकअप बाद करत नाही, पिस्टनच्या दांड्याबरोबर सीलमधून थोडं तेल बाहेर येतंच. इथे मात्र तेल ओघळून खालच्या बुशापर्यंत (शॉकअप अडकवतात तिथल्या रबरापर्यंत) आलं होतं. उजव्या टायरवर हात फिरवला तर रबर खळगे-उंचवटे पडून झिजलेलं. चाक रस्त्यावर टेकण्याऐवजी उड्या मारत होतं.

"मग बरोबरच आहे ना," नाना म्हणाले, "मेलाय तो. हार्ड टाका दोन." त्यांच्या ओळखीच्या एकाने तर मोठ्या ट्रकचा शॉकअप बसवायला सांगितलं होतं. आय, म्हणजे शॉकअप अडकवायची टोकाची कडी, थोडी कापून-जोडून बसते म्हणे.

इथे मी हात आखडला. मेलेला शॉकअप दिसला की बदलून गाडी सोडता येते, पण तो का मेला हे कळल्याशिवाय नवा निवडता येत नाही. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करून मी टेप घेतली आणि डाव्या शॉकअपची वरच्या आयपासून खालच्या आयपर्यंत उभी लांबी मोजली. मग चॅसिस जॅकवर उचलून, खाली आधाराच्या घोड्या लावून, चाक लोंबकळत ठेवलं आणि तीच लांबी पुन्हा मोजली. फरक जेमतेम पाऊण इंचाचा. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण उघडलेला होता. गतिरोधकावरून चाक खाली गेलं की दांडा टोकाला जाऊन आदळणार, आणि पुढचा सगळा हिसका सील, आय आणि चॅसिसवरच्या ब्रॅकेटला बसणार. मागून "ठक" असा आवाज येतो, असं पुतण्या म्हणालाच होता. तो बुशाचा आवाज असेल असं त्याला वाटायचं. बुशाचं भोक लांबट झालंही होतं, पण ते या हिसक्यांमुळे.

गाडी इतकी उंच का उभी, याचं उत्तर पाट्यांत होतं. मागे दोन जादा पाटे घातलेले. नाना म्हणाले, ते कांद्यासाठी. उन्हाळ कांदा निघाला की लासलगावला फेऱ्या सुरू होतात, आणि तेव्हा गाडीत पासिंगपेक्षा, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजनापेक्षा, बराच जास्त माल पडतो. मागचा भाग बसायला लागला म्हणून कोणीतरी दोन पाटे वाढवून दिले. भार कांद्याचा असेल तेव्हा ते पाटे वाकतात, शॉकअपही मधोमध येतो आणि गाडी बरी चालते. द्राक्षाचा भार त्याच्या निम्माही नसतो, कारण कॅरेट दाबून भरायचे नसतात आणि थरही मर्यादित ठेवायचे असतात. एवढ्या वजनाला तो पाट्यांचा गठ्ठा हलतच नव्हता. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट घडाच्या देठापर्यंत जात होता.

नानांना मी सांगितलं, की वजन पेलायचं काम पाट्यांचं आहे, शॉकअप ते पेलत नाही. एवढ्या कडक पाट्यांवर आणखी हार्ड शॉकअप टाकला तर हौदा दगडासारखा होईल. ट्रकच्या शॉकअपच्या झडपा ट्रकच्या वजनाला बेतलेल्या असतात. दाबलेला पाटा सरळ व्हायला लागतो तेव्हा असा शॉकअप त्याला धरून ठेवतो, पाटा पुरता सरळ होण्याआधीच पुढचा खड्डा येतो आणि गाडी खाली खाली दबत जाते. त्यात आय कापून जोडायची, म्हणजे वेल्डिंगची उष्णता सीलजवळ न्यायची. ते काम मी करत नाही.

नाना गप्प झाले. मग म्हणाले, "खोला पाटे."

सेंटर बोल्ट काढून गठ्ठा मोकळा केला तर मेन पाट्याखालचा दुसरा पाटा बोल्टच्या भोकापाशी तडकलेला निघाला. तड गंजून काळी पडली होती, म्हणजे जुनी. गाडी बसायची ती मुळात यामुळेही असणार. जादा पाट्यांनी ते दुखणं झाकून टाकलं होतं. ओझरच्या पाटेवाल्याकडून तेवढा पाटा नवीन करून आणला, उतरलेल्या पाट्यांना मूळ मापाचा बाक देऊन घेतला आणि दोन्ही जादा पाटे बाजूला ठेवले. गाडी खाली उतरवून पुन्हा टेप लावली. आता शॉकअपला उघडायला तीन इंच आणि मिटायला त्याहून जास्त जागा होती. मालवाहू गाडीला रिकामी असताना मिटण्याकडे जास्त जागा लागते, कारण भरल्यावर ती त्याच बाजूला बसते. चाक वर आलं की आधी बंपस्टॉपचं, म्हणजे चाकाला शेवटी अडवणारं, रबर टेकलं पाहिजे. त्याआधी शॉकअप मिटला तर दांडा वाकतो. हे सगळं कंपनीच्या मूळ लांबीत बसत होतं. म्हणून लांब शॉकअप शोधायची गरज उरली नाही.

प्रश्न राहिला तेलाचा की गॅसचा. बागेचा रस्ता म्हणजे सलग खडी. अशा रस्त्यावर नुसत्या तेलाच्या शॉकअपमध्ये तेल घुसळून फेस होतो, आणि फेसाला झडप अडवू शकत नाही. नायट्रोजनचा थोडा दाब असलेल्या शॉकअपमध्ये बुडबुडे सहजी तयार होत नाहीत. एका नळीचा, जास्त दाबाचा प्रकारही असतो. तो उष्णता लवकर बाहेर टाकतो, पण त्याची बाहेरची नळी हाच सिलिंडर असतो. चाकाखालून उडालेल्या दगडाने पोचा आला की पिस्टन अडकतो. शेतरस्त्यावरच्या गाडीला मी तो सुचवत नाही. दोन नळ्यांच्या शॉकअपची बाहेरची नळी थोडी चेपली तरी आतली शाबूत राहते. म्हणून दोन नळ्यांचा, कमी दाबाच्या गॅसचा, याच मॉडेलचा, आणि दोन्ही बाजूंना एकदम, असं ठरलं. एक जुना आणि एक नवा ठेवला की हौदा तिरका झोके घेतो.

नाशिकच्या दुकानात नाना स्वतः बरोबर आले. समोर दोन खोकी. एक गॅब्रिएल कंपनीचं, दुसरं दिसायला तसंच पण निम्म्या किमतीचं. दोन्ही उघडून त्यांच्याच हातात दिली. गॅब्रिएलचा दांडा आरशासारखा गुळगुळीत, आयची वेल्डिंग सलग. दुसऱ्याच्या दांड्यावर नखाला लागतील अशा रेघा होत्या. रेघ असलेला दांडा सील कापतो. नानांनी चांगला शॉकअप उभा धरून दाबला, तर तो बऱ्यापैकी सहज आत गेला आणि सोडल्यावर सावकाश आपोआप वर आला. त्यांचा चेहरा उतरला. "हा तर मऊ आहे." मी म्हटलं, आता ओढून बघा. दोन्ही हातांनी ओढताना त्यांना जोर लावावा लागला. खड्डा घेताना चाकाला वाट द्यायची आणि पाटा उसळून परत येतो तेव्हा त्याला आवरायचं, म्हणून ओढायच्या बाजूला जोर जास्त ठेवलेला असतो. नानांनी दोनदा-तीनदा दाबून-ओढून पाहिलं आणि मग खिशात हात घातला.

बसवण्यात दोन गोष्टी सांभाळल्या. खोक्यात आडवा पडलेला शॉकअप उभा धरून काही वेळा पूर्ण दाबला आणि ओढला, म्हणजे आतल्या नळीत शिरलेली हवा निघते. आणि बुशाचे नट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मागच्या टायरांत कांद्याच्या भाराची हवा तशीच होती, तीही भारानुसार उतरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच पुतण्याबरोबर बागेवर गेलो. मला निकाल बघायचा होता. मुद्दाम फळक्याकडच्या रांगेतलं एक कॅरेट लक्षात ठेवलं. पॅकहाऊसच्या दारात घड उचलून घेतले तर तळाशी मोजके मणी होते, केबिनजवळच्या कॅरेटमध्ये होते तेवढेच. पुतण्याने तिथूनच नानांना फोन लावला आणि मला माझं कष्टाचं समाधान मिळालं.

बिल द्यायला आल्यावर नानांनी कोपऱ्यातल्या त्या दोन पाट्यांकडे बोट दाखवलं. "एप्रिलात कांद्याला हे परत चढवाल ना?" मी नाही म्हटलं. पासिंगपुरता माल भरणार असाल तर त्यांची गरज नाही, आणि त्याहून जास्त भरणार असाल तर ब्रेक, हब आणि ॲक्सलला जादा पाटा वाचवत नाही. "फेऱ्या वाढतील, डिझेल कोण देईल?" असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही, कांद्याच्या भावात डिझेल बसवणं सोपं नसतं. तडकलेला पाटा, झिजलेला टायर, दोन शॉकअप आणि परत आलेला माल यांचे आकडे मी बिलाच्या मागे लिहून दिले. खाली शॉकअपची उभी, मिटलेली आणि उघडलेली अशी तिन्ही मापं लिहिली, आणि पाटे वाढवले तर हे शॉकअप चालणार नाहीत असंही लिहिलं. एप्रिलात पाटे कोणी दुसऱ्याने चढवले, तरी त्याला ती मापं दाखवा, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.