गॅटिनोच्या बर्फवाटा

जानेवारीत कॅनडातील ओटावाला येणारे आमचे नातेवाईक घरी पोहोचण्याआधीच विचारतात, की एवढ्या थंडीत पत्ते कुटण्याखेरीज येथे करायचे तरी काय. माझे उत्तर ठरलेले आहे: ओटावा नदी ओलांडून क्वेबेक प्रांतात शिरायचे आणि गॅटिनो पार्क गाठायचे. ३६१ चौरस किलोमीटर पसरलेल्या या टेकड्यांच्या जंगलात हिवाळाभर क्रॉस-कंट्री स्कीसाठी, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून चढ-उतारांच्या बर्फावरून घसरत चालण्यासाठी, सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या वाटा राखल्या जातात. स्नोशूच्या, म्हणजे पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद जाळीदार चौकटींच्या, वाटा निराळ्या आहेत.

मला सर्वांत मौज वाटते ती येथील पार्क-वेची. ऑक्टोबरात मेपलचे रंग पाहण्यासाठी ज्या रस्त्यावर मोटारींची रीघ लागते, तोच रस्ता हिवाळ्यात मोटारींना बंद होतो आणि त्यावरचे बर्फ हटवण्याऐवजी यंत्राने दाबून त्यात स्कीसाठी दोन समांतर चाकोऱ्या पाडल्या जातात, तर उरलेला सपाट पट्टा स्केटिंगसारखे पाय फेकत जाणाऱ्यांसाठी मोकळा राहतो. चाकोरीबाहेर जाण्याचे कौतुक आपल्याकडे फार. येथे मात्र नवख्याने चाकोरी सोडली की तो बहुधा आडवाच होतो. रस्ता रुंद आणि चढ सौम्य असल्याने पहिल्या धड्यासाठी ही जागा उत्तम.

माझी आवडती वाट म्हणजे १ क्रमांकाची रिज रोड. ती पाइन आणि मेपलच्या झाडीतून वळणे घेत जाते आणि तिच्यावर कीओगन आणि ह्यूरॉन ही लाकडी आसरागृहे लागतात. कड्याच्या अंगाला असलेल्या वेस्टर्न या आसरागृहापाशी मात्र जंगल एकदम संपते आणि खाली ओटावा नदीचे पांढरेशुभ्र सपाट खोरे दिसते. तेथवर जाणे पहिल्याच दिवशी जमेल असे समजू नये. चढण दम काढते हे खरे, पण खरी परीक्षा उताराची असते. कारण या स्कीत टाच मोकळी असते आणि ब्रेक म्हणावे असे काही नसते. तोल जातोच आहे असे वाटले, तर झाडाकडे पाहत राहण्यापेक्षा कडेला बसकण मारावी, हे मी दोन-तीन निळ्या डागांनंतर शिकलो.

जाणकार मंडळी तापमान पाहून स्कीच्या तळाला मेण लावतात, कडक थंडीत हिरवे, जरा उबेला निळे, आणि त्यावर तासभर वादही घालतात. पाहुण्यांनी त्या भानगडीत न पडता मेणाविनाच बर्फावर पकड देणाऱ्या खवल्यांच्या तळाची स्की भाड्याने घ्यावी.

साठीच्या पुढच्या पाहुण्यांना मी आधी स्नोशू बांधतो. ते शिकावे लागत नाहीत. पाय थोडे फाकवून चालता आले की झाले. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले अल्गॉन्क्विन लोक लाकडी चौकटीवर कच्च्या चामड्याची जाळी विणून हे साधन वापरत. आता चौकट बहुधा ॲल्युमिनियमची असते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे: स्नोशू घालून स्कीच्या चाकोऱ्या तुडवू नयेत.

कपडे थरांचे असावेत आणि अंगालगत सुती काही नसावे, कारण घाम धरून ठेवणारा सुती बनियन थांबल्या थांबल्या हुडहुडी भरवतो. वाटांसाठी दिवसाचा पास लागतो, तो आधी काढावा. संक्रांतीच्या सुमारास आम्ही डब्यात गुळपोळ्या नेतो आणि आसरागृहातील लाकडाच्या शेगडीवर त्या गरम करतो. शेजारच्या बाकावरचे क्वेबेकवासी त्याच शेगडीवर चीज सँडविच भाजत असतात. मागच्या खेपेस त्यांना एक पोळी दिली, तेव्हा त्यांनी आत मेपलची साखर आहे का, असे विचारले. तूप तेवढे घरी राहिले होते. तीनच्या ठोक्याला आम्ही उठलो, कारण या दिवसांत साडेचार-पावणेपाचलाच सूर्य मावळतो आणि जंगलातल्या वाटेवर दिवे नसतात.