चावी मुंबईत आणि आम्ही बाहेर: वाडीच्या सभागृहाचा अनुभव

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या वाडीत (श्रीवर्धन तालुका) समाजमंदिर होतं, पण कुलूपबंद. चावी ज्याच्याकडे तो लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेला. शेवटी कुलूप फोडलं, म्हातारी माणसं आत बसवली आणि थोड्या वेळात पत्रेच उडायला लागले, मग त्यांना तशीच उचलून एकाच्या जुन्या जांभ्याच्या घरात नेलं. वाडीतल्या सुपाऱ्या काडीसारख्या मोडल्या, लाईट महिनाभर नव्हती.

नवीन बांधायचं ठरलं तेव्हा मला वाटलं ग्रामसभेत ठराव झाला की झालं. कसलं काय! जागा कोणाची यावर सात महिने गेले, सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली चार मुंबईला, दोघं हयात नाहीत. सगळ्यांच्या आणि गेलेल्यांच्या वारसांच्या सह्या गणपतीत घेतल्या, कारण तेव्हाच सगळे घरी सापडतात.

मग अंदाजपत्रक. इंजिनिअर साहेबांनी नेहमीचा नकाशा आणला, हॉल, पुढे स्टेज, संडास पार मागे आवारात. बचत गटातली एक काकी सरळ म्हणाली, "साहेब, वादळात रात्री बाईमाणसाने तिकडे जायचं कसं?" संडास आत आला. जोतं वाढवलं, रॅम्प घेतला. स्लॅबवर पत्र्याची शेड मारायची की नाही यावरून दोन मीटिंगा भांडणात गेल्या, कारण आमच्या पावसात स्लॅब गळतोच आणि पत्रा वादळात उडतो. शेवटी शेड नाही, वॉटरप्रूफिंग नीट करायचं असं ठरलं. अजून तरी गळत नाही, पुढचं बघू.

पण खरी अक्कल आली ती चावीवरून. नुसतं वादळासाठी बांधलं की आत जुनी मंडपाची सामानं भरतात आणि कुलूप गंजतं, हे डोळ्याने बघितलेलं. म्हणून आता सकाळी बायका कोकमं सुकवायची कामं तिथेच करतात, आशाताई महिन्यातून एकदा बीपी तपासतात, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, शनिवारी भजन. चाव्या दोन, दोन्ही शेजारच्या घरातल्या बायकांकडे, मुंबईला एकही नाही.

गेल्या पावसात चार दिवस लाईट गेली तेव्हा अख्ख्या वाडीचे मोबाईल तिथल्या सोलरवर चार्ज झाले. फक्त त्या बॅटरीत आता दम राहिला नाही, नवीन घ्यायला पैसे लागतील, तो विषय गणपतीत चाकरमानी आले की काढायचाय.