ओकला मर लागली तेव्हा

टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ आम्ही घर घेतलं ते मागच्या अंगणातल्या चार लाइव्ह ओकांकडे बघून. हे झाड जवळजवळ वर्षभर हिरवं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं पिवळी पडून गळतात आणि पाठोपाठ पालवी फुटते. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये कुंपणाजवळच्या झाडाखाली पानांचा खच पडला, तेव्हा यंदा पानगळ जरा लांबली असेल असं मला वाटलं. मे आला तरी ती थांबेना. एक पान उचलून उन्हात धरलं, तर शिरा तपकिरी आणि मधला भाग हिरवा. पाणी कमी पडलं की पानाच्या कडा आधी करपतात. इथे कडा धड होत्या.

फोटो मामांना पाठवले. त्यांची डाळिंबाची बाग आहे. ते लगेच म्हणाले, "अगं, ही मर दिसतेय. तपासून घे आधी, आणि शेजारच्या झाडांवर लक्ष ठेव." मर म्हणजे झाड उभंच वाळवून टाकणारा रोग. पुढे वाचताना कळलं, की डाळिंबाची मर सेराटोसिस्टिस फिम्ब्रिएटा या बुरशीने येते आणि ओकची बुरशीही बरीच वर्षं सेराटोसिस्टिस याच नावाने ओळखली जायची. २०१७ मध्ये तिला ब्रेत्झिएला हे वेगळं नाव मिळालं.

झाडांची पाहणी करणारे आर्बोरिस्ट आले. त्यांनी अर्धवट जिवंत फांद्यांचे तुकडे घेतले, जखमांना लगेच रंग लावला आणि नमुने बर्फात ठेवून कॉलेज स्टेशन या गावातल्या प्रयोगशाळेत पाठवले. उष्णतेने ही बुरशी मरते, मग तपासणीत काही सापडत नाही. आमच्या नमुन्यात ती सापडली.

त्यांचा पहिला प्रश्न होता, "वसंतात फांद्या छाटल्या होत्या का?" छाटल्या होत्या. मार्चमध्ये छपरावर आलेली मोठी फांदी कापून घेतली होती आणि जखम तशीच उघडी राहिली होती. इथे १ फेब्रुवारी ते ३० जून छाटणी टाळायला सांगतात, कारण त्या काळात बुरशी वाहून नेणारे बारीक भुंगेरे ताज्या जखमेतल्या रसावर येतात. ते ऐकून मला रात्रभर झोप लागली नाही. पण कुंपणापलीकडे आदल्या वर्षीच तीन लाइव्ह ओक ओळीने वाळले होते. रोग मुळांतून आला होता.

लाइव्ह ओक मुळांच्या फुटव्यांवर वाढतात, त्यामुळे आख्ख्या राईची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. बुरशी पाणी वाहणाऱ्या नलिकांत शिरते, तिला अडवायला झाड स्वतःच त्या नलिका बंद करतं, आणि तहानेने मरतं. जमिनीखालून हा रोग वर्षाला साधारण ७५ फूट पुढे सरकतो. म्हणजे आपल्या अंगणापुरता इलाज करून भागत नाही.

मी आठ घरांची दारं ठोठावली. मुळं तोडायला किमान चार फूट खोल चर लागतो, तोही शेवटच्या आजारी दिसणाऱ्या झाडापासून १०० फूट पुढे. गॅस, पाणी, केबल कुठून गेलंय ते आधी ८११ ला फोन करून आखून घ्यावं लागलं. खाली चुनखडक, म्हणून दगड कापणारं यंत्र आणलं. चराची रेघ आखली तेव्हा आमची चारही झाडं आतल्या बाजूला, म्हणजे रोगाच्या बाजूला राहिली. बाहेरची झाडं वाचावीत म्हणून मी त्या कागदावर सही केली. इतकं जड काम मी क्वचितच केलं असेल.

पहिलं झाड औषधाच्या पलीकडे गेलं होतं. उरलेल्या तिघांच्या बुंध्याभोवतीची माती हाताने उकरून मुळांचा फुगवटा मोकळा केला, भोकं पाडली आणि नळ्यांनी प्रोपिकोनॅझोल हे बुरशीनाशक सोडलं. खोडाच्या दर इंच व्यासाला एक लिटर पाणी. २४ इंची खोडाला २४ लिटर. दिवस त्यातच गेला. औषधाचं नाव सांगितलं तर मामा म्हणाले, "हेच आम्ही डाळिंबाच्या बुडात ओततो." याने झाड तगतं, मुळांतून होणारा प्रसार मात्र थांबत नाही. दोनेक वर्षांनी परत द्यावं लागतं.

शेजाऱ्यांचा एक रेड ओक काही आठवड्यांतच वाळला. वाळलेल्या रेड ओकच्या सालीखाली बुरशीचे थर येतात, त्यांना आंबलेल्या फळांसारखा वास येतो आणि भुंगेरे तिथूनच बुरशी उचलतात. शेजाऱ्यांना त्या झाडाचं सरपण ठेवायचं होतं. मी विनवणी केल्यावर त्यांनी ढिगावर पारदर्शक प्लास्टिक घातलं आणि कडा मातीत पुरल्या.

पहिलं झाड ऑगस्टमध्ये गेलं. तिघांतल्या एकाचा अर्धा पसारा गेला, दोन चांगली आहेत. दर मे महिन्यात मी आणि शेजारीण चराच्या पलीकडून चालत जातो, पडलेली पानं उचलून उन्हात धरतो. यंदा एकाही पानाची शीर तपकिरी नव्हती.