वाटेवरचे सात दिवे

शुक्रवार, रात्र

सगळे झोपलेत. हेडटॉर्चच्या लाल उजेडात लिहितेय, कारण पांढरा लावला की धाकटी चुळबुळ करायला लागते. लाल उजेडाचा आणखी एक फायदा आज कळला. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या टॉर्चच्या एका झोताने ती सगळी मेहनत वाया जाते. लाल उजेडात तसं होत नाही. मघाशी बाहेर डोकावले तर आकाशगंगा सरळ दिसली, डोळे चोळायचीही गरज पडली नाही.

आई आलीये, ही आजची खरी बातमी. कितीतरी वर्षं "तुम्ही जाऊन या, मी आहे घरी" एवढंच ऐकत आले. गुडघे दुखतात, जमिनीवर झोपवत नाही, ही सांगायची कारणं. न सांगितलेलं कारण मला उशिरा कळलं: रात्री दोनदा उठावं लागतं, तेव्हा जायचं कुठे? अंधारात झुडपाआड बसायला तिचे गुडघेही तयार नाहीत आणि मनही नाही. आणि हे लेकीला सांगायलासुद्धा तिला संकोच वाटत होता.

म्हणून यंदा कॅम्पग्राउंड शोधताना मी पाण्याचे फोटो शेवटी पाहिले. आधी नकाशावर स्वच्छतागृह कुठे आहे ते बघितलं. मग फोन करून विचारलं, वाट सपाट आहे का, रात्री दिवे असतात का, कमोडशेजारी धरायला दांडा आहे का. पलीकडच्या माणसाने न कंटाळता सगळं सांगितलं, वर रॅम्पचा उतार किती आहे तेही सांगितलं. त्या पाच मिनिटांच्या फोनमुळे आई इथे माझ्या उजव्या हाताला घोरतेय.

जागेवरून थोडी हुज्जत झाली. थोरल्याला अगदी काठावरचा ओटा हवा होता. पण काठ खोलगट होता. रात्री गार हवा जड होऊन अशाच खोलगट जागी साचते, आणि पाऊस आलाच तर पाणीही तिथेच येतं. शिवाय धाकटी चार वर्षांची. तंबूची चेन उघडली की समोर पाणी, हे मला झोपू देणारं नव्हतं. आम्ही जरा वरची, न्हाणीघराच्या बाजूची जागा घेतली. थोरला तासभर गप्प होता, मग खुंट्या ठोकायला मिळाल्यावर खुलला. शेजारच्या तंबूतल्या आजोबांनी त्याला खुंटी तंबूपासून बाहेर कलती धरून ठोकायला शिकवलं. दोरीचा ताण आणि खुंटी यांच्यात काटकोन झाला की ती सहजी उपटत नाही. त्याने दोन-तीनदा ओढून पाहिली, आणि मग उरलेल्या सगळ्या खुंट्यांना कुणाला हात लावू दिला नाही.

दहानंतर इथे शांततेचा नियम आहे. पाण्याकाठी तो जास्तच लागतो. पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असली की आवाज वर निसटून न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. साडेनऊला पलीकडच्या काठावर कुणीतरी बाळाला जोजवत होतं. चेहरा दिसणं शक्यच नव्हतं, पण ते गुणगुणणं शेजारच्या खोलीतून यावं इतकं स्पष्ट होतं. धाकटी त्यावरच झोपली.

शनिवार, पहाट

पाठीखाली ओल. तंबू गळतोय असं वाटून मी दचकून उठले, पण तो आमचाच श्वास होता. पाच माणसं रात्रभर श्वास सोडणार, बाहेर पाण्याकाठची दमट गार हवा, मग तंबूच्या कापडाला आतून थेंब धरणारच. काल थंडी वाजेल म्हणून मी वरच्या दोन्ही जाळ्या बंद केल्या होत्या. चूक माझी. आज उघड्या ठेवायच्या, आणि उबेसाठी खाली आणखी एक चटई घालायची. अंगातली ऊब जमीनच खेचून घेते.

आई रात्री दोनदा गेली. पहिल्यांदा मी सोबत गेले. तंबूपासून स्वच्छतागृहापर्यंत सात दिवे आहेत, चौथा बंद. तिसऱ्या ते पाचव्या दिव्यापर्यंत ती माझा दंड घट्ट धरून चालली, आणि नेमकं पाचव्यापाशी झाडाच्या मुळाने वाट उचललीये. दुसऱ्यांदा तिने मला उठवलंच नाही. परतल्यावर चेनच्या आवाजाने जागी झाले तर म्हणाली, "झोप गं, जमलं मला." मी अंधारात पडून राहिले, घशाशी काहीतरी दाटून आलं होतं.

सकाळी उठल्या उठल्या ऑफिसच्या खिडकीत दिव्याचं सांगून आले.

शनिवार, दुपार

हात अजून थरथरतोय, तरी आत्ताच लिहून ठेवते.

इथे पोहण्याचा भाग तरंगत्या गोळ्यांच्या दोरीने आखलेला आहे. आत कमरेएवढं पाणी, काठावर खोलीचा फलक. आमचा घरचा नियम असा की लाल टोपी ज्याच्या डोक्यावर, त्याने फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत, स्वयंपाकाची भांडी नाहीत. पंधरा मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालायची, आणि घालताना मोठ्याने सांगायचं. "सगळेच बघतायत" म्हणजे कुणीच बघत नाहीये, हे मी गर्दीच्या काठांवर फार वेळा पाहिलंय. बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड जेमतेम वर येतं, त्यात श्वास घ्यायचा की हाक मारायची? हात हलवून बोलावणंही होत नाही. सगळं वीस ते साठ सेकंदांत उरकतं, आणि दिसायला मूल उभ्याने खेळत असल्यासारखं दिसतं.

धाकटीला लाइफ जॅकेट घालून खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर उचललं. जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं. म्हणजे मोठं. ऑफिसजवळच्या मांडवात मुलांसाठी वापरायला ठेवलेली जॅकेटं टांगलेली आहेत, तिथून एक माप लहान आणलं. ते जागचं हललं नाही. तरीही तिच्यासाठी हाताच्या अंतराचा नियम: माझा हात लांब केला की ती लागली पाहिजे.

वारा जमिनीकडून पाण्याकडे सुटला होता. थोरल्याचा फुगवायचा चेंडू हातातून सुटला आणि बघता बघता दोरीपलीकडे गेला. तो चांगला पोहतो, त्यामुळेच त्याला भीती नव्हती. तो दोरीपर्यंत पोचला, एक हात तिच्यावर टाकला आणि डोकं खाली घातलं, दोरीखालून जायला. टोपी माझ्या डोक्यावर होती. मी त्याचं नाव इतक्या जोराने घेतलं की काठावरचे सगळे उभे राहिले. तो थांबला. दोरी धरून पाण्यात तसाच उभा राहिला, आणि चेंडू लहान लहान होत गेला. आम्ही दोघांनीही तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मग त्याला जवळ बसवून सांगितलं, वारा चेंडूला ढकलतो त्या वेगाने तुला पोहता येणार नाही, आणि परतताना तोच वारा तुझ्या तोंडावर असेल. तो म्हणाला, "तो इतक्या हळू जात होता गं." दिसतोच हळू. प्रत्येक वेळी दोन हातांवर आहे असं वाटतं.

चेंडूसाठी रागावले नाही. रात्री त्याला उगाचच दोनदा पांघरूण नीट करेन.

शनिवार, रात्र

भांडी घासायला इथे वेगळी मोरी आहे, चार नळांची. ज्या तळांवर ती नसते तिथे पाणी बादलीत घेऊन काठापासून निदान साठ मीटर दूर जाऊन घासावं लागतं, कारण "निसर्गात विरघळणारा" साबणही पाण्यातल्या जिवांना चालत नाही. मला ही मोरी मनापासून आवडली. ओळख ना पाळख, पण खांद्याला खांदा लावून तवे खरवडताना माणसं बोलतात. एक तरुण बाप, पाठीवर बाळ बांधून, बाटल्या धूत होता. बाळाला घेऊन घराबाहेरची त्यांची पहिलीच रात्र. मी त्याला जाळीचं सांगितलं, ओल येईल म्हणून. त्याने आमच्या सैल दोरीला एक सरकती गाठ मारून दिली.

काहींना वाटतं की नळ, दिवे, रॅम्प आले की पाण्याकाठचं रानपण गेलं. मला ते अजिबात पटत नाही. दूरवर पाठीवर ओझं घेऊन जाणाऱ्यांसाठी दूरचे काठ आहेतच. हा काठ सगळ्यांचा आहे, आणि सगळ्यांमध्ये गुडघे दुखणारी आई येते, पाठीवरचं बाळ येतं, चाकाच्या खुर्चीवरून जेटीच्या टोकापर्यंत गेलेली ती मुलगीही येते. दुपारभर ती तिथे गळ टाकून बसली होती.

जेवण झाल्यावर निखारे पाणी घालून, ढवळून, पुन्हा पाणी घालून विझवले. नवऱ्याने राखेवर हाताची पाठ धरून पाहिली. निखारे उबेसाठी तंबूत नेणाऱ्यांच्या बातम्या वाचल्यात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, झोपलेला माणूस उठतच नाही.

सात वाजता शिडी घेऊन एक माणूस आला आणि चौथा दिवा लावून गेला. आई खुर्चीतून उठून बघायला गेली.

रविवार, सकाळ

डोळे उघडले तर आईची जागा रिकामी. चप्पल नाही, काठी नाही. धडपडत बाहेर आले. ती स्वच्छतागृहातून परस्पर पाण्याकडे गेली होती. काठावरच्या बाकावर शाल गुंडाळून बसलेली, पाण्यावर धुकं. रात्रभर पाणी ऊब धरून असतं, वर गार हवा आली की त्याचीच वाफ दिसते, हे मला ठाऊक आहे; तिला सांगितलं नाही. शेजारी जाऊन बसले. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग तीच म्हणाली, "तुझ्या बाबांना आवडलं असतं."

अकराच्या आत जागा सोडायची होती. खुंट्या मोजून भरल्या, थोरल्याने गवतातून कुणाची तरी जुनी एक जास्तीची शोधून काढली. आम्ही निघत असतानाच नवं कुटुंब आलं. त्यांच्यातल्या आजी गाडीतून उतरून, दाराला धरून, इकडेतिकडे बघत उभ्या राहिल्या. काय शोधतायत ते मला कळलं, पण माझ्याआधी आईला कळलं. ती काठी टेकत त्यांच्याकडे गेली.

"तिकडे आहे बघा. वाटेवर सात दिवे आहेत, सगळे लागतात. पाचव्यापाशी मुळाने वाट उचललीये, तिथे डावीकडून जा. आणि दुसरं दार घ्या, त्याला आत दांडा आहे."