शर्ट निळाच होता, म्हातारीला काळा दिसला

कॉलेजच्या पोरांची डिप्लोमा फिल्म, पंधरा मिनिटांची, थ्रिलर. गोष्टीचा सगळा जीव एकाच ठिकाणी. रात्री बोळात खून होतो, वरच्या खिडकीतून एक म्हातारी बघते, पोलिसांना सांगते की काळ्या शर्टातला माणूस होता, आणि खरा खुनी दुसऱ्या दिवशी निळा शर्ट घालून सगळ्यांसमोर फिरतोय. म्हातारी खोटं बोलत नाही, तिचे डोळेही धड आहेत. बोळातला दिवा सोडियमचा, पिवळा, आणि त्या उजेडात निळा रंग मरतो, बास एवढंच. मला स्क्रिप्ट वाचतानाच हे फार आवडलं, कारण यात कपडा, दिवा आणि जागा ही सजावट नाहीये, तीच गोष्ट आहे.

मी कोल्हापुरात सिरियलींना आर्टचं काम करतो. पोरं मदत मागायला आली तेव्हा प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आपापला फोल्डर होता, कॉस्च्युमचा वेगळा, प्रॉपर्टीचा म्हणजे सीनमधे वापरायच्या वस्तूंचा वेगळा, लाईटचा वेगळा, आणि एकाचं दुसऱ्यानं बघितलेलं नव्हतं. मी एकच अट घातली, शूटिंगच्या आधी एक दिवस सगळ्यांनी सामान घेऊन लोकेशनवर यायचं, दुपारपासून रात्री उशिरापर्यंत तिथंच बसायचं, आणि जे काय ठरवायचं ते तिथल्या उजेडात ठरवायचं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२०च्या दशकात कृत्रिम उजेडात शूटिंग करून दाखवलं तिथं रंग एका खात्यात आणि उजेड दुसऱ्या खात्यात असं वागायचं कारणच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर शुक्रवार पेठेतलं, दुमजली, बाजूनं अरुंद बोळ. खालच्या खोलीला जुना सी-ग्रीन ऑइलपेंट आणि मेलेल्या माणसाच्या बायकोसाठी आणलेला ड्रेस पण हिरवाच, तिला भिंतीपुढं उभं केलं तर नुसतं तोंड आणि हात दिसायला लागले. भिंत रंगवायचा प्रश्नच नव्हता, घरमालकीण काकूंनी आल्या आल्याच सांगितलेलं, "खिळा ठोकायचा नाही आणि रंगाला हात लावायचा नाही." मग काकूंच्याच कपाटातून विटकरी रंगाची सुती साडी निघाली, बरीच धुतलेली, मऊ पडलेली, ती लगेच पक्की केली. नव्या कपड्याला ही नरमाई आणायला चहाच्या पाण्यात बुडवा, दगडावर घासा, असले उद्योग करावे लागतात.

प्रॉपर्टीवाल्या पोरानं खेळण्यातलं पिस्तूल आणलेलं. मी म्हणलं हे पिशवीतनं बाहेरच काढू नकोस, रात्री बोळात कुणी बघितलं तर पळापळ होईल, शिवाय अशा चिंचोळ्या गल्लीत जिथं सगळे एकमेकांना ओळखतात तिथं रागाच्या भरात जे हाताला लागेल तेच लागणार ना? स्वयंपाकघरात खलबत्ता होता, पितळी, त्यातला बत्ता चांगला वजनदार. तोच ठरला. क्लोजअपला खरा बत्ता आणि मारायच्या शॉटला फोम कापून, वर कागदाचा लगदा लावून रंगवलेला डुप्लिकेट. खऱ्या बत्त्याच्या टोकाला एक चपटा पोचा होता, डुप्लिकेटला तो त्याच जागी हवा, रक्ताचा डागही त्याच बाजूला हवा, म्हणून चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले.

रक्त पोरांनी घरीच बनवलेलं, लिक्विड ग्लुकोज, खाण्याचा लाल रंग आणि थोडी कोको पावडर. खोलीतल्या उजेडात अगदी खरं वाटत होतं. पण बोळात कसं दिसेल ते तिथंच बघायचं म्हणून बाटली बाजूला ठेवली.

आणि अंधार पडल्यावर बोळात गेलो तर दिवा पांढरा. पोरांनी आधी येऊन फोटो काढले तेव्हा पिवळा होता, मधल्या काळात बदलला. २०१५पासून देशभर रस्त्यावरचे सोडियमचे दिवे काढून एलईडी लावायचं सरकारी काम सुरू झालं, वीज खूप वाचते, रस्ता नीट दिसतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्या पांढऱ्या उजेडात निळा शर्ट निळाच दिसत होता, ठळक, आणि म्हणजे म्हातारीची साक्ष गेली आणि साक्षीबरोबर फिल्म गेली. डायरेक्टर पोरगी पायरीवर बसली ती बोलेचना. कॅमेऱ्याचा पोरगा म्हणाला एलईडीवर नारंगी जेल लावू, म्हणजे दिव्यापुढं धरायचा रंगीत पारदर्शक कागद. करता येतं, फुल सीटीओ, म्हणजे त्यातला गडद नारंगी, लावला की बऱ्यापैकी पिवळं होतं, पण त्यातून थोडा निळा उजेड गळतोच आणि शर्ट मेल्यासारखा न दिसता नुसता मळका दिसतो. लावून बघितलं, तसंच झालं.

तेव्हा मी आमच्या सेटवर वायरिंग करणाऱ्या मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "माझ्याकडं भंगारात सोडियमच्या दोन फिटिंग पडल्यात, चोक पण हाय, इग्निटर पण हाय, आणू काय?" म्हणलं आत्ता आणा. तासाभरात मामा स्कूटरवर १५० वॅटची फिटिंग घेऊन हजर. जोडणी त्यांनीच केली, पोरांना हात लावू दिला नाही, कारण दिवा पेटताना इग्निटर काही हजार व्होल्टचा झटका देतो, ते घरगुती बल्बसारखं काम नाही. रस्त्याच्या खांबाला हात लावायचा नाही हे आधीच ठरलेलं, त्यामुळं काकूंच्या गच्चीवरून काळं कापड सोडून पांढरा उजेड अडवला आणि आमची फिटिंग गॅलरीच्या कठड्याला क्लॅम्प आणि दोरीनं बांधली, खिळ्याशिवाय.

मी मघाशी लक्ष्मीपुरीतून निळ्या कापडाचे तुकडे आणलेले, आकाशी, रॉयल ब्लू, नेव्ही, एक जांभळ्याकडं झुकणारा टेरिकॉट, ते एका फळीवर टाचून दिव्याखाली धरले. मामांनी बटण दाबलं. सोडियमचा दिवा एकदम लागत नाही, आधी नुसता फिकट गुलाबीसर पांढरा धूर पेटल्यागत दिसतो, त्यात निळे सगळे अजून निळेच होते. मग तो हळूहळू पिवळा व्हायला लागला आणि फळीवरचा एकेक रंग विझत गेला. आकाशी राखाडी झाला. जांभळ्याकडचा टेरिकॉट घाणेरडा तपकिरी. रॉयल ब्लू, जो दिवसा लांबून ओळखू येतो, तो आमच्या डोळ्यांदेखत काळा झाला. मधे एक टप्पा असा येतो की सगळं जगच एका पिवळ्या रंगात, माणसांची तोंडंसुद्धा, कारण सोडियमचा बहुतेक उजेड तेव्हा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासच, म्हणजे नुसता पिवळाच असतो, त्यात निळं असं काही नसतंच तर कापड परत काय पाठवणार? पूर्ण तापल्यावर थोडे इतर रंग येतात, तरी रंग दाखवायची त्याची लायकी शंभरात वीस-पंचवीसच. कुणी बोलत नव्हतं. मग डायरेक्टर एकदम ओरडली, "दादा, हेच दाखवायचं! दिवा लागताना!"

तिथंच पायरीवर बसून तिनं सीन बदलला. आता बोळात लाईट गेलेली असते, लाईट परत येते, दिवा हळूहळू पेटतो, खुनी पाठमोरा उभा, आणि म्हातारी खिडकीत येईपर्यंत शर्ट काळा झालेला. प्रेक्षकाला फसवलं नाही, त्याच्यासमोरच रंग बदलला, ज्यानं नीट बघितलं त्याला कळेल. मला हे आधीच्या स्क्रिप्टपेक्षा कितीतरी चांगलं वाटतं. नेव्ही मी तिथंच बाद केला, तो दिवसासुद्धा काळपट दिसतो, मग साक्ष चुकण्यात गंमत काय राहिली? रॉयल ब्लू सुती, कापडाच्या एकाच ताग्यातून तीन शर्ट शिवायचे, एक स्वच्छ, एक मळका, एक रक्ताचा.

रक्त त्या उजेडात डांबर सांडल्यासारखं काळं दिसलं. कोको काढून टाकला, थोडा केशरी रंग घातला, पातळ केलं, मग बत्त्याच्या पितळेवर ते ओलं चमकायला लागलं आणि रक्त म्हणून ओळखता येईल असं झालं. त्यामुळं रक्ताच्या बाटल्या दोन, घरातली आणि बोळातली, चिठ्ठ्या लावून.

कॅमेऱ्याच्या पोराला सांगितलं व्हाईट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग, ऑटोवर अजिबात ठेवायचा नाही, तो पिवळा उजेड सुधारायला जातो आणि आपली सगळी मेहनत धुऊन काढतो, हातानं ठरव आणि तिथंच ठेव. शिवाय चोकवरचा दिवा आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकतो, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक पन्नासांश सेकंद, म्हणजे प्रत्येक फ्रेममधे सारखाच उजेड येतो आणि चित्रावर पट्टे पडत नाहीत. त्यानं टेस्ट घेऊन लॅपटॉपवर बघितलं, पट्टे नाहीत.

एकच अडचण राहिली, हा दिवा बंद केला की गरम असताना लगेच परत लागत नाही, थंड व्हावा लागतो. म्हणजे प्रत्येक टेकच्या मधे थांबायचं, आणि सुरुवातीपासून हवा तर चांगलंच थांबायचं. मामांनी दुसरी फिटिंग पण द्यायची कबूल केलं, एक थंड होईपर्यंत दुसरी वापरायची, फक्त दोन्ही बल्ब एकाच वयाचे नसल्यामुळं रंगात किंचित फरक पडतो, म्हणून एका अँगलला एकच फिटिंग असं शेड्यूल लावलं. काकूंच्या मीटरवरून वीज घेतली त्याचे पैसे प्रॉडक्शनच्या खर्चात धरायला लावले, पोरं विसरतात हे.

शूटिंग त्या आठवड्यातच झालं. दोन्ही फिटिंग मामांनी आता माझ्याकडंच ठेवल्यात, चोक-इग्निटर सकट. कोल्हापुरात कुठल्या पोरांना रात्रीच्या सीनला लागल्या तर खुशाल घेऊन जावा, पैसे नकोत, फक्त जोडायला मामांना किंवा एखाद्या जाणत्या वायरमनला बरोबर घ्या.