पाच-तीन-दोन

रविवारी दुपारी मी इस्त्री करते. आठवड्याचे सगळे कपडे एकदम. हे काम मला आवडतं असं मी घरात कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की इतरांचेही कपडे येतात. हात आणि डोळे गुंतलेले, कान मोकळे, म्हणून मोबाइल टेबलाच्या कडेला डब्याला टेकवून काहीतरी लावून ठेवायचं. परवा एक नाट्यगीत संपलं आणि त्यानं आपल्याच मनानं पुढचं भलतंच सुरू केलं. आधी नुसती खरखर, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. मग पियानो, हळूहळू पाळणा हलवणारा, आणि त्यावर चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, गायला लागला. तो काय गात होता ते शब्दांत धरायच्या फंदात मी पडत नाही. शर्टाची कॉलर अर्धीच राहिली आणि इस्त्री उभी करून ठेवली गेली, एवढं खरं. थोड्या वेळानं तीच ओळ व्हायोलिननं उचलली, तेव्हा चेलो बाजूला सरून तिला जागा करून देत होता.

शूबर्ट या संगीतकाराचं बी फ्लॅट पट्टीतलं ट्रायो, म्हणजे तीन वाद्यांची रचना. त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षा-दोन वर्षांतलं. रेकॉर्डिंग १९२६चं, लंडनमधलं. वाजवणारे तिघं: पियानोवर आल्फ्रेड कोर्तो, व्हायोलिनवर जाक तिबो, चेलोवर पाब्लो कासाल्स. आणि खाली फोटो.

जुना ग्रुप फोटो दिसला की मला एक वाईट खोड आहे. कोण कुठे उभं आहे हे बघण्याआधी मी विचारते, पुढे यांचं काय झालं? लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा. ‘ही कोण?’ असं न विचारता ‘हिचं पुढे काय झालं?’ असं विचारलं की यजमानीणबाईंचा चेहरा पडतो. पण आता वय झालं, खोड जायची नाही. कोर्तो गाल बसलेला, कपाळावर केसांची झुलपं. तिबो देखणा, नीट भांग पाडलेला. कासाल्स टकलू, गोल चष्म्याचा, बँकेतून नुकताच निवृत्त झाल्यासारखा. मी खुर्ची ओढली आणि वाचत बसले.

तिघं एकत्र वाजवायला लागले ते १९०५च्या सुमारास, पॅरिसमध्ये. सगळे तिशीच्या आतले. तिबो त्याआधी एका कॅफेत व्हायोलिन वाजवायचा. कोर्तोनं चोविसाव्या वर्षी पॅरिसमध्ये वाग्नरचा अख्खा ऑपेरा कंडक्ट केला होता. कासाल्सला तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका दुकानात बाखच्या चेलो-सुइट्सची, म्हणजे एकट्या चेलोसाठीच्या रचनांची, प्रत सापडली होती, आणि तीच तो जन्मभर उगाळत होता. तिघंही आपापल्या जागी राजे. वर्षातले थोडे दिवस मात्र एकत्र बसायचे. त्यांनी एकत्र वाजवलेल्यांपैकी हायडनचं ट्रायो मी लगेच शोधून ऐकलं. हायडनच्या काळात ट्रायोतल्या चेलोला फारसं काम नसे. पियानोचा डावा हात जे वाजवील तेच बहुतेक वेळा त्यानं वाजवायचं. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा चेलोवाला तिथे बसून मित्राच्या डाव्या हाताची री ओढतोय. आणि ओढतोय ती काय प्रेमानं!

तिथेच मला पाच-तीन-दोन आठवलं.

आजोळी मे महिन्यात दुपारी बाहेर जायला बंदी. मामाचा मुलगा, तो दादा. मावशीचा धाकटा, त्याला सगळे धाकट्याच म्हणायचे. आणि मी. ओसरीवर सतरंजी, मध्ये कैरीच्या फोडी आणि तिखट-मीठ. बावन्न पानांतली बावीस बाजूला काढायची. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सगळी, वर इस्पिक आणि बदामाची सत्ती, झाली तीस. वाटणाऱ्यानं दोन हात करायचे, हुकूम बोलणाऱ्यानं पाच, उरलेल्यानं तीन. चौघांच्या खेळात समोर भिडू असतो, त्याला डोळ्यांनी खुणावता येतं. इथे कुणीच कुणाचा भिडू नाही, आणि तिघांतला एक उठून पाणी प्यायला गेला तरी खेळ बंद. आजी आतून म्हणायची, ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’, आणि दहा मिनिटांत भांडण ऐकू गेलं की तिला फार समाधान वाटायचं.

या खेळाची खरी गंमत उधारीत. तुमचे हात कमी पडले की पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो तुमच्या हातातलं पान न बघता ओढणार आणि आपलं भिकार पान तुम्हाला देणार. दादाला ओढायची फार हौस होती. धाकट्या आपला एक्का टोकाला ठेवायचा, कारण लोक मधलंच पान ओढतात असा त्याचा शोध होता.

तर, पुढे काय झालं.

तिशीच्या दशकात या तिघांचं एकत्र वाजवणं विरत गेलं. मग स्पेनमध्ये यादवी, हुकूमशहा फ्रँको आला, आणि कासाल्स सीमेपलीकडे फ्रान्समधल्या प्राद नावाच्या छोट्या गावात येऊन राहिला. छावण्यांतल्या निर्वासितांसाठी खटपट करत राहिला. फ्रँकोला मान्यता देणाऱ्या देशांत मी वाजवणार नाही म्हणाला, आणि पुढे वर्षानुवर्षं मैफली सोडून बसला. कोर्तोनं जर्मनांशी जुळवून घेतलेल्या विशी सरकारात कलाखात्यातलं मोठं पद घेतलं. १९४२ साली बर्लिनमध्ये जाऊन वाजवलं. युद्ध संपल्यावर त्याच्यावर वर्षभराची बंदी आली, आणि १९४७मध्ये पॅरिसमध्ये तो पुन्हा मंचावर आला तेव्हा ऑर्केस्ट्रानं साथ करायला नकार दिला, लोकांनी हुर्यो उडवली. तिबोचा मुलगा १९४०च्या लढाईत मारला गेला. स्वतः तिबो १ सप्टेंबर १९५३ला विमानानं निघाला आणि विमान आल्प्समध्ये डोंगरावर आदळलं. त्याच्याबरोबर त्याचं १७२०चं स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनही गेलं. हे वाचून मला आधी व्हायोलिनचं वाईट वाटलं आणि मग तसं वाटल्याचं वाईट वाटलं.

युद्धानंतर कोर्तो कासाल्सकडे आला आणि चुकलो म्हणाला, असं कासाल्सनं पुढे सांगितलं आहे. १९५८मध्ये प्रादच्या महोत्सवात दोघं परत एकत्र बसले. कासाल्स एक्याऐंशीचा, कोर्तो ऐंशीचा. बेथोव्हेन वाजवला, चेलो आणि पियानोचा. दोघांचं वाजवता येतं तेवढंच. कोर्तोचे सूर आधीपासूनच अधूनमधून घसरायचे, त्याबद्दल तो प्रसिद्धच होता. त्या वयात तर विचारायलाच नको. चार वर्षांनी तो गेला. कासाल्स १९७३पर्यंत जगला.

माफ केलं म्हणजे नेमकं काय केलं असेल, हे मला कळत नाही. एकीकडे वाटतं, ज्यांची माणसं नाझींच्या छावण्यांत गेली त्यांच्या वतीनं माफ करणारा हा कोण? आणि दुसरीकडे १९२६ची ती खरखर ऐकताना वाटतं की ज्याच्या डाव्या हाताबरोबर आपण इतकी वर्षं चाललो त्याला दारातून परत कसं पाठवायचं. त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. चूक झाली तर जोडकाम नाही, अख्खी बाजू पुन्हा वाजवायची. तिघांनीही.

आजोळचं घर चार वर्षांपूर्वी विकायला काढलं. माझ्या आईनं हक्कसोडपत्रावर सही केली, मावशीनं केली नाही. दादा आणि धाकट्या तेव्हापासून बोलत नाहीत. गेल्या वर्षी लग्नात दोघं दोन पंगतींना बसले आणि मी कुठल्या पंगतीला बसते याकडे दोन्हीकडून लक्ष होतं. मी वाढायला उभी राहिले.

आमच्या शेवटच्या डावात धाकट्याला पाच करायचे होते, त्याचे तीनच झाले. माझे तिनाचे पाच. पुढच्या डावात मी त्याची दोन पानं ओढणार होते, तेवढ्यात बाबा एसटीची वेळ झाली म्हणून बोलवायला आले. टोकाचं पान ओढायचं, हे मी मनाशी ठरवूनही ठेवलं होतं.

मोबाइलवर तोवर आणखी काहीतरी सुरू झालं होतं. इस्त्री गार झाली होती. दोघांचेही नंबर आहेत माझ्याकडे. मी बटण चालू केलं आणि कॉलरची उरलेली बाजू घेतली.