मशीनची पिल्लं खुडूक कोंबडीखाली घातली त्याची गोष्ट

मागच्या सोमवारी पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन खुराड्याशी गेले, वाकून बघितलं तर आमच्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, तांबडी कोंबडीच्या पंखातनं एक काळं इवलं डोकं बाहेर आलं आणि लगेच परत आत गेलं. घेतलं तिने त्यांना! रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता माझ्या.

झालं असं की मे महिन्यात आम्ही छोटा फॅनवाला इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं मशीन, आणला आणि गावातनंच गोळा केलेली 22 गावरान अंडी लावली. तापमान 37.5, खाली वाटीत पाणी. अंडी हातानेच फिरवायची, दिवसातनं पाच वेळा, एका बाजूला पेन्सिलने फुली मारलेली म्हणजे कुठलं राहिलं ते कळतं. फिरवली नाहीत तर आतला जीव पडद्याला चिकटून बसतो. सातव्या रात्री अंधार करून बॅटरी लावून एकेक बघितलं, सोळा अंड्यांत जाळीसारख्या लाल शिरा, चार नुसती रिकामी आणि दोनात रक्ताचं कडं, म्हणजे जीव धरून गेलेला.

पंधराव्या दिवशी वळीव आला आणि साडेतीन तास लाईट गेली. मी मशीनवर गोधडी टाकली, हवेला थोडी फट ठेवली, आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या आणि रडकुंडीला आले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोंबडीसुद्धा दाणापाण्याला उठतेच की रोज, एवढी नको घाबरू." आणि खरंच आहे ते, बसलेली कोंबडी दिवसातनं पंधरा-वीस मिनिटं उठते, शिवाय शेवटच्या आठवड्यात आतलं पिल्लू स्वतःचीही थोडी ऊब तयार करत असतं.

अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद, पाणी वाढवून आर्द्रता 65-70 टक्क्यांवर न्यायची आणि झाकण उघडायचं नाही. इथे मी चुकले. विसाव्या दिवशी एका अंड्याला आतनं टोच पडली, पुढे दहा तास काहीच हालचाल नाही, माझा धीर सुटला आणि मी झाकण उघडून कवच सोलायला घेतलं. रक्त आलं. शिरा अजून वाळल्या नव्हत्या, पिवळा बलक पोटात ओढून घ्यायचा बाकी होता, संध्याकाळपर्यंत ते पिल्लू गेलं. टोच पडल्यापासून बाहेर यायला बारा ते चोवीस तास सहज लागतात, तेवढा वेळ त्याचाच असतो, कृपा करून हात लावू नका. मला अजून ते आठवलं की कसंतरी होतं. चार अंडी फुटलीच नाहीत, अकरा पिल्लं मात्र धड निघाली.

आता तांबडीचं. मशीन लावल्यावर चारच दिवसांनी ही खुडूक झाली, डालग्यातनं उठेना, हात नेला की पिसं फुलवून कुरकुरायची, पोटाखालची पिसं गळालेली आणि ती उघडी कातडी एकदम गरम. काही जण खुडूक मोडायला कोंबडी गार पाण्यात बुडवून काढतात, मला ते बघवत नाही. सासूबाई म्हणाल्या तिला मोडू नको, बसू दे, आपल्याला लागेल ती. मग तीन शिळी अंडी दिली तिला आणि सतरा दिवस बसली बिचारी त्याच्यावर.

पिल्लं एक दिवसाची झाली, अंगं सुकून फुलली, की रात्रीच घालायची. पोटात बलक असतो म्हणून पहिले दोन दिवस दाणा नसला तरी चालतं, पण त्याहून उशीर केला तर पिल्लू आईला आई मानत नाही. साडेनऊला सगळे दिवे बंद केले, कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही. पिल्लू तळहाताखाली झाकून मागच्या बाजूने पंखाखाली सरकवलं आणि त्याच हाताने एक अंडं काढून घेतलं. आधी दोनच घातली. चोच मारली तर लगेच काढायची म्हणून तिथेच बसून राहिले, आणि अर्ध्या तासाने तिचा आवाजच बदलला हो, ती कुरकुर जाऊन हळू कुक् कुक् सुरू झालं आणि पंखाखालनं बारीक चिवचिव. मग एकेक करून बाकीची नऊ घातली. काळ्या पिल्लाची भीती होती, काही कोंबड्या वेगळ्या रंगाचं टोचतात, पण हिने घेतलं.

मागच्या वर्षीची पिल्लं बल्बखाली वाढवलेली, पहिला आठवडा 35 डिग्री, मग दर आठवड्याला तीन कमी, एकेकाची चोच पाण्यात बुडवून प्यायला शिकवायचं, ढुंगणाला चिकटलेली घाण पुसायची. यंदा मी फक्त तांदळाच्या कण्या, स्टार्टर म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य आणि उथळ ताटलीत खडे घालून पाणी ठेवते, बाकी सगळं ती करते, दाणा उचलून परत खाली टाकते आणि आवाज देते की सगळी पळत येतात. मानमोडीचा रोग नको म्हणून सातव्या दिवशी लासोटा लसीचे थेंब पिल्लांच्या डोळ्यात घातले, तेव्हा तिने माझं मनगट फोडलं.

आज दुपारी वर घार फिरत होती. तांबडीने घशातनं एक लांब आवाज काढला आणि मशीनमध्ये जन्मलेली अकराच्या अकरा पिल्लं क्षणात कर्दळीखाली गायब, मला ती घार नंतर दिसली.